रेणू घरी परततो का?

मागच्या व्याख्यानात आपण अणूपाशी थांबलो होतो. लेझरच्या उजेडाने अणू थंड करता येतो, त्याबद्दल १९९७ चं नोबेल तिघांना मिळालं, इथवर. मग रेणूचंही तसंच करायचं, त्यात अवघड काय?

आम्ही तत्त्वज्ञानवाले 'तीच वस्तू' म्हणजे काय यावर तासन् तास बोलतो. इथे प्रयोगच त्यावर अडतो. समोरून फोटॉन आदळला की अणूचा वेग किंचित घटतो. अणू तो फोटॉन गिळतो, कुठल्याही दिशेला सोडतो आणि होता त्याच अवस्थेत परततो. म्हणून तर पुढचा धक्का देता येतो. आणि धक्के हजारोंनी लागतात. स्ट्रॉन्शियम फ्लोराइडचा रेणू घ्या. तांबड्या लेझरचा एक फोटॉन त्याचा वेग सेकंदाला जेमतेम ५-६ मिलिमीटरने कमी करतो, आणि हे महाशय येतात सेकंदाला शंभराहून अधिक मीटर वेगाने!

शिवाय रेणू थरथरतो, गरगरतो. फोटॉन सोडताना तो भलत्याच कंपनात जाऊन पडला, की त्याची वारंवारता आपल्या लेझरशी जुळत नाही. गेला हातचा.

तोड निघाली ती रेणू निवडण्यात. या रेणूत प्रकाश गिळणारा इलेक्ट्रॉन स्ट्रॉन्शियमपाशीच राहतो, दोन अणूंच्या बंधात फारसा पडत नाही. त्यामुळे शंभरात सुमारे ९८ वेळा रेणू मूळ कंपनात परततो. भरकटलेल्यांना आणायला आणखी दोन लेझर. गरगरण्याचा बंदोबस्त तर आम्हाला फारच आवडतो: सुरुवातच फिरण्याच्या दुसऱ्या पायरीवरून करायची, म्हणजे परतायला तीच पायरी उरते. येल विद्यापीठात डेव्हिड डीमिल यांच्या गटाने २०१० मध्ये हे करून दाखवलं.

दुसरं एक बल आहे, त्याला हे गिळणं-सोडणं लागतच नाही. लेझर एका बिंदूत एकवटला की रेणू सर्वांत तीव्र उजेडाकडे ओढला जातो. हाच प्रकाशाचा चिमटा. पण त्याची पकड फार हलकी, म्हणून आधी थंड करणं आलंच. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये कॅल्शियम फ्लोराइडचे सुटे रेणू असे चिमट्यात धरले गेले.

बरं, हा खटाटोप कशासाठी? इलेक्ट्रॉनचा विद्युतभार अगदी गोल आहे की तसूभर एका बाजूला सरकलेला, हे जड रेणूंमधून मोजता येतं. रेणू जितका वेळ धरून ठेवाल तितकी मोजणी बारीक. विश्वात प्रतिद्रव्य जवळजवळ नाही आणि द्रव्य मात्र उरलं, हे का, याचा धागा तिथे असू शकेल. आजवरच्या मोजण्यांत ते सरकणं दिसलेलं नाही.