लाउशाची काच आणि परके गिऱ्हाईक

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातले लाउशा हे डोंगराळ भागातले छोटे गाव. नाताळच्या झाडावर टांगायचे काचेचे चकचकीत गोळे प्रथम इथे घडले असे मानतात. गावाची एक लाडकी गोष्ट आहे. एका गरीब कारागिराला झाड सजवायला सफरचंदे आणि अक्रोड परवडेनात, म्हणून त्याने ते काचेचे फुंकून काढले. गोष्ट गोड आहे, पण तिला लेखी आधार नाही. लेखी आधार आहे तो एका कारागिराच्या वहीतल्या 1848 सालच्या मागणीला: नाताळसाठी लहानमोठ्या आकारांचे 6 डझन गोळे. ही वस्तू कागदावर पहिल्यांदा दिसते ती अशी, विक्रीचा माल म्हणून. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण परदेशात फिरताना अशा एखाद्या घरगुती कारखान्यात पाऊल टाकणाऱ्याला हमखास एक शंका येते, की आपल्यासारख्यांच्या वर्दळीने जुनी कला बाजारू तर होत नाही ना? माझे मत उलट आहे. ही कला पहिल्यापासून परक्या गिऱ्हाइकावरच पोसली गेली, आणि त्या सगळ्या गिऱ्हाइकांत कारागिराला सर्वांत जास्त न्याय देऊ शकतो तो दारात आलेला प्रवासी.

लाउशात 1597 मध्ये काचभट्टी सुरू झाली आणि तिच्याभोवती गाव वाढले. पुढे लोक घरोघरी दिव्याच्या ज्योतीवर काचेच्या नळ्या तापवून मणी, खेळणी आणि, 1835 पासून, माणसांसाठी कृत्रिम डोळेही बनवू लागले. तेलाच्या दिव्याला भात्याने हवा देऊन मिळणारी ज्योत मोठ्या, पातळ गोळ्याला पुरी पडत नसे. 1867 मध्ये गावात गॅस आला, आच हवी तशी कमीजास्त करता येऊ लागली आणि कागदासारखा पातळ गोळा फुंकणे शक्य झाले. आजही कृती साधारण तीच आहे. नळीचा तुकडा ज्योतीवर सतत फिरवत मऊ करायचा आणि एका दमात फुंकायचा, मोकळा किंवा साच्यात. क्षणभर हात थांबला तर काच एका बाजूला ओघळते, फुंकर जास्त झाली तर गोळा फुटतो. थंड झाल्यावर आत चांदीच्या क्षाराचे द्रावण घालून गोळा कोमट पाण्यात हलवतात, की आतून आरसा चढतो. मग रंग, वर नक्षी, शेवटी लांब देठ कापून धातूची टोपी. पूर्वी यातले एकेक काम घरातल्या एकेका माणसाकडे असे. ज्योतीपुढे बाप, चांदीच्या द्रावणाशी आई, देठ कापायला आणि टोप्या बसवायला मुले.

‘कौटुंबिक व्यवसाय’ म्हटले की आपला जीव हळवा होतो. इथे मात्र सावध राहायला हवे. त्या घरांत मुले रात्री उशिरापर्यंत कामाला जुंपलेली असत आणि खोलीत गॅसचा धूर, रंगाचा वास भरलेला असे. तयार माल बायका पाठीवरच्या टोपल्यांतून झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे नेत. भाव तेच ठरवत. 1880 मध्ये अमेरिकेतल्या लँकॅस्टर गावच्या वूलवर्थ या दुकानदाराने थोडे जर्मन गोळे भीतभीतच विकायला ठेवले. ते हातोहात संपले आणि पुढे त्याच्या दुकानांतून त्यांची प्रचंड विक्री झाली. जगभर नाव झाले, पण फुंकणाऱ्याच्या पदरी त्यातला फार थोडा वाटा पडला. तेव्हा जुन्या काळी कला शुद्ध होती आणि आता पर्यटकांनी ती बिघडवली, हे म्हणणे टिकत नाही. जुन्या काळी कारागिराला गिऱ्हाईक दिसतच नव्हते, दिसत होता फक्त व्यापारी.

चेक देशातल्या क्रकोनोशे डोंगरातले पोनिक्ला गावही हेच सांगते. तिथे काचेची नळी पितळी साच्यात फुंकून मण्यांची सलग माळ काढतात, तिला चांदी आणि रंग चढवून मणी सुटे करतात आणि त्यांतून चांदण्या, घंटा, बाहुल्या ओवतात. आधी हे मणी लोकपोशाखांवर जात, विसाव्या शतकात ते नाताळच्या झाडावर आले. या पद्धतीने काम करणारा तिथला एकच कौटुंबिक कारखाना आज उरला आहे. 2020 मध्ये युनेस्कोने या कौशल्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. या मुलखाशी आपलेही जुने नाते आहे. पोनिक्लापासून फार दूर नसलेल्या याब्लोनेत्सहून काचेच्या बांगड्या पहिल्या महायुद्धापूर्वी मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानात येत आणि कासारांमार्फत घरोघरच्या मनगटांवर चढत. परदेशी काचेची ती सद्दी मोडण्यासाठीच 1908 मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैशापैशाच्या वर्गणीतून पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. आपल्या आज्या-पणज्या बोहेमियाच्या, म्हणजे याच चेक मुलखाच्या, काचेच्या गिऱ्हाईक होत्या, आणि त्यांनाही ती घडवणारा हात कधी दिसला नाही.

आक्षेप उरतात ते असे. पाहुण्यांसमोर काम करताना कारागीर नट होतो, त्याच त्या चार सोप्या वस्तू बनवत राहतो. हा धोका खरा आहे. तिकीट काढून नुसते फोटो घेणाऱ्यांची गर्दी वाढली, तर अवघड साचे फळीवरच पडून राहतील. पण त्यावर उपाय पर्यटक थांबवणे हा नाही, त्याने जाणकार होणे हा आहे. दुसरा आक्षेप किमतीचा. यंत्रावर बनलेला गोळा कितीतरी स्वस्त पडतो, मग हा कशाला? किंमत जास्त आहे ती माणसाच्या वेळेची, आणि तो वेळ आपल्या डोळ्यांदेखत खर्च होताना दिसला की घासाघीस करण्याची इच्छा उरत नाही. तिसरा आक्षेप असा, की वारशाचा दर्जा मिळाला, आता सरकार पाहून घेईल. लाउशाच्या कलेलाही 2021 मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय यादीत जागा मिळाली. पण यादीने कुणाचे गॅसचे बिल भरले जात नाही. सरकारी आधाराची दुसरी बाजूही लाउशाने पाहिली आहे. पूर्व जर्मनीच्या राजवटीत 1972 मध्ये उरलेसुरले खाजगी कारखाने सरकारी झाले, आणि 1990 च्या एकीकरणानंतर ती मोठी व्यवस्था कोसळली तेव्हा अनेकांच्या हातचे काम गेले. तरीही गावात काच फुंकली जात राहिली, ती मुख्यतः ज्या घरांनी पुन्हा स्वतःची ज्योत पेटवली त्यांच्यामुळे.

म्हणून युरोपला जाणाऱ्यांना एवढेच सांगणे. विमानतळावरच्या दुकानात नाताळचा गोळा घेण्याऐवजी वाट थोडी वाकडी करून लाउशा किंवा पोनिक्लाला जा. काम चालू असेल अशी वेळ विचारून घ्या. एखादा जुना, अवघड साचा दाखवायला सांगा आणि जमले तर त्यातलीच वस्तू विकत घ्या. ती कुणी फुंकली, कुणी रंगवली हे विचारा, आणि सांगितलेली किंमत पूर्ण द्या.