घराण्यात वेड आहे काय?

विट्यास आमच्या परिचयाच्या एका घरी मध्यंतरी मुलीचे लग्न ठरत आले होते. पत्रिका जुळली, गोत्र-नाडीची अडचण उरली नाही, याद्याही व्हावयाच्या. तोच अकस्मात नकार आला. कारण कोणी उघड बोलले नाही, तथापि ते सर्वांस ठाऊक होते. मुलीच्या चुलत्यांस तरुणपणी छिन्नमनस्कता, म्हणजे डॉक्टर ज्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात तो विकार, जडला होता. विटे हे सोन्याच्या गलाईसाठी देशभर पांगलेल्या माणसांचे गाव; येथली वार्ता दूरवर जावयास विलंब लागत नाही. याच धास्तीने त्या घराने चुलत्यांचे दुखणे कित्येक वर्षे माडीवर दडविले, आणि औषधोपचारास उशीर झाला.

वरपक्षास नावे ठेवणे सोपे आहे. परंतु येणाऱ्या पिढीची काळजी वाहणे हा काही अपराध नव्हे. म्हणून त्यांच्या शंकेस शास्त्र काय उत्तर देते ते पाहू.

या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. सामान्यतः १०० माणसांत सुमारे एकास तो आयुष्यात केव्हातरी होतो. आईबापांपैकी एकास असल्यास अपत्यांत हे प्रमाण १०० त १० च्या आसपास जाते. चुलत्यास वा मामास असल्यास ३-४ च्या आसपास. म्हणजे त्या मुलीसारख्या १०० मुलींपैकी सुमारे ९६ जणींस तो विकार व्हावयाचा नाही, आणि त्यांच्या मुलांपर्यंत तर धोका आणखी उतरतो. उलट, दहा रुग्णांपैकी जवळजवळ नऊ जणांच्या आईबापांस हा विकार नसतोच. तेव्हा ‘निर्मळ’ घराणे पाहून दिलेली मुलगीही निर्धास्त नाही!

सारे रक्तावरच असते, तर एकरूप जुळ्यांपैकी एकास विकार होताच दुसऱ्यासही तो हटकून झाला असता. प्रत्यक्षात तो सुमारे निम्म्या वेळीच होतो. बाकीचा भाग गर्भावस्थेतील व जन्मवेळचे अपाय, गांजाचे व्यसन इत्यादी गोष्टींकडे जातो. शिवाय वेडाचे असे एकच जनुक नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या विकाराशी निगडित अशी २८७ स्थाने जनुकसंचात आढळली. प्रत्येकाचा परिणाम अगदी अल्प.

गलाईच्या भट्टीत सोन्यातील हीण वेगळे काढता येते. माणसांच्या वंशातूनही तसेच काढता येईल, अशा समजुतीने जर्मनीने १९३३ साली कायदा करून सुमारे चार लाख लोकांचे सक्तीने निर्बीजीकरण केले. त्या क्रौर्याने रोग मात्र गेला नाही.

याहून भला मार्ग आपल्यातील एका गृहस्थांनी दाखविला आहे. मूळचे धुळ्याकडील डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीस हाच विकार होता. त्यांनी तो दडविला नाही. पुण्यास स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली आणि २००४ सालच्या ‘देवराई’ या चित्रपटामागे उभे राहिले.

तेव्हा सोयरिकीच्या बैठकीत प्रश्न अवश्य विचारावा. परंतु ‘घराण्यात वेड आहे काय?’ असा नव्हे, तर ‘घरात कोणी आजारी पडल्यास तुम्ही त्यास वेळेवर डॉक्टरकडे नेता काय?’ असा. ज्या घरी याचे उत्तर ‘होय’ असे मिळेल, तेथे मुलगी द्यावयास आम्हांस तरी संकोच वाटणार नाही.