कडधान्ये सोडू नका, गॅस कमी करा



हरभरा, वाल, चवळी, उडीद आपण शेतात पिकवतो. पण वय उतरणीला लागले की 'वात होतो' म्हणून वडीलधारी मंडळी नेमकी तीच ताटातून बाजूला सारतात. शाकाहारी घरात डाळ-उसळ गेली की प्रथिनांची बाजू लंगडी पडते. तेव्हा गॅस कशाने होतो ते आधी पाहू.

कडधान्याच्या दाण्यात रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा असतात. दाणा वाळताना त्याच्या पेशी जपणे आणि पुढे अंकुराला शिदोरी पुरविणे, हे त्यांचे काम. त्या फोडणारे विकर माणसाच्या पाचकरसात नसते. म्हणून त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात. तेथील जिवाणू त्या आंबवतात व हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. गोबरगॅसच्या टाकीचीच ही धाकटी बहीण म्हणा ना! दिवसातून दहा-पंधरा वेळा वायू सरणे हा आजार नव्हे.

या साखरा पाण्यात विरघळतात. म्हणून कडधान्य रात्री भरपूर पाण्यात ८ ते १२ तास भिजवावे, ते पाणी ओतून द्यावे व ताज्या पाण्यात मऊ शिजवावे. थोडी जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात, पण पोटाला त्रास होणाऱ्याने तेवढे सोसावे. मोड आणल्यास आणखी उत्तम, कारण अंकुर फुटताना दाणा या साखरा स्वतःच खर्च करतो. कोकणात वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे करतात, ते उगीच नव्हे. लवकर शिजावे म्हणून खाण्याचा सोडा मात्र टाकू नये. त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. हिंग-ओव्याची फोडणी जरूर द्यावी, परंतु न भिजवलेल्या हरभऱ्याची भरपाई चिमूटभर हिंगाने होत नाही.

बरेच दिवस कडधान्य बंद असेल तर एकदम वाटीभर उसळ खाऊ नये. मुगाच्या डाळीपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवावे. दुधाने पोट फुगत असेल तर ताक घेऊन पाहावे. सुगीच्या घाईत बांधावर भराभर जेवताना हवाही गिळली जाते. घास सावकाश चावावा. जेवून लगेच आडवे होऊ नये, चार पावले चालावे.

एक गोष्ट मात्र घरातील सर्वांना सांगून ठेवा. छातीत दाब, घाम, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, धाप, यांपैकी काहीही जाणवले तर 'गॅसच असेल' म्हणून ओवा-सोडा घेत वेळ घालवू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, किंवा पोट गच्च फुगून वायू व शौच दोन्ही बंद होणे, हेही घरगुती उपायांचे काम नाही. यांतील शेवटच्या लक्षणात तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा.