निळ्या उजेडाखालचं पिवळं बाळ

छत्रपती संभाजीनगरात ‘घाटी’ रुग्णालयाच्या नवजात कक्षात डोळ्यांवर पट्टी बांधलेलं, नुसत्या लंगोटातलं बाळ निळ्या दिव्याखाली निजलेलं दिसतं. बाहेर आजीचा जीव टांगणीला: दोन दिवसांचं लेकरू, त्याला कावीळ कशी झाली?

बहुतेकदा तो आजार नसतोच! पोटात प्राणवायू बेताचाच मिळतो, म्हणून बाळ तांबड्या पेशींचा भरपूर साठा करतं. जन्मल्यावर फुप्फुसं उघडतात, जादा पेशी मोडीत निघतात आणि त्या मोडीतून पिवळं बिलिरुबिन तयार होतं. कालपर्यंत ते वारेतून आईकडे जाई, तिचं यकृत ते निस्तरी. नाळ कापली, की सगळा भार बाळाच्या कोवळ्या यकृतावर! दिवस भरलेल्या 10 बाळांपैकी जवळपास 6 बाळं म्हणूनच पिवळी दिसतात.

पण उजेडाचं काय? 1956 साली, घाटीचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं त्याच वर्षी, इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणातल्या उन्हात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवलं. अंग फिकं, फक्त एक त्रिकोण पिवळाजर्द. तेवढ्यावरच चादरीचं टोक आलं होतं! पुढे रक्ताची एक नळी खिडकीतल्या उन्हात राहून गेली, तर तिच्यातलंही बिलिरुबिन उतरलेलं. 1958 मध्ये डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्यांचा उपचार जगापुढे मांडला.

बिलिरुबिनचा रेणू घडी घालून स्वतःलाच घट्ट धरून बसतो, म्हणून पाण्यात विरघळत नाही. निळा प्रकाश कातडीतून आत शिरतो आणि ती घडी उकलतो. तोच रेणू, तेच अणू, फक्त आकार बदलला. आणि तो यकृतातल्या प्रक्रियेची वाट न बघता पित्तातून, लघवीतून चालू लागतो!

दिवसाच्या उजेडात बाळाच्या कपाळावर बोट हलकेच दाबून उचला, खालचा रंग दिसेल. पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा आला, तळवे पिवळे झाले, बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं किंवा शी पांढरट झाली, तर कोवळं ऊन दाखवत घरी थांबू नका. फार वाढलेलं बिलिरुबिन मेंदूला कायमची इजा करतं.

आईचा चीक तर बाळाला पाजाच. त्यानं पोट साफ होतं, आतड्यातलं बिलिरुबिन काळ्या शीबरोबर बाहेर पडतं. आणि दिव्याखालच्या बाळाला पातळ, हिरवट शी झाली, तर घाबरू नका. कालपर्यंत गालांवर होता, तोच रंग आता लंगोटात उतरलाय.