गंधकातली वाळू, धातुकातले सिमेंट

रुवैसच्या बंदरात जहाजांवर चढणारा पिवळा गंधक खाणीतून येत नाही. अबुधाबीच्या वाळवंटातल्या शाह क्षेत्रातील नैसर्गिक वायूत सुमारे 23 टक्के हायड्रोजन सल्फाइड असतो. त्यापासून गंधक बनवतात आणि एतिहाद रेल्वेच्या मालगाड्या शाह-हबशान-रुवैस या 264 किलोमीटरच्या मार्गावरून तो किनाऱ्याला आणतात.

पुढे मोरोक्कोसारख्या देशांत त्याचे गंधकाम्ल होते. ते फॉस्फेटचा खडक विरघळवते. काही धातुकांतून तांबे विरघळवून काढायलाही तेच लागते.

वाटेत गंधकात वाळू-धूळ मिसळली तर? वितळलेला गंधक गाळतात. तरीही निसटलेली धूळ, गंधक जाळल्यावर राख म्हणून, आम्ल-कारखान्यातल्या उत्प्रेरकाच्या पहिल्या थरावर साचते. वायूची वाट अडते आणि अखेर कारखाना थांबवून उत्प्रेरक चाळावा लागतो.

तांब्याच्या खाणीतली भेसळ याहून घातक. सुरुंगानंतर धातुकात चुनखडी किंवा बोगद्याच्या भिंतीवरचे सिमेंट आले, की आम्ल त्यांच्यावरच खर्ची पडते आणि काही तांबे दगडातच राहते. तारा, लाकूड, प्लॅस्टिक निदान चाळणीवर दिसतात. सिमेंट दळणात बेमालूम मिसळते. म्हणून ते गिरणीपूर्वी, शक्यतो खाणीतच वेगळे काढलेले बरे.