इंजिनिअर भाचा आणि भूगोलाचं पुस्तक

"चार वर्षं मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून आता नद्या-डोंगर पाठ करणार म्हणे! तू तरी त्याला सांग गं काहीतरी." ताईचा फोन आला तेव्हा भाचा माझ्यासमोरच बसून जेवत होता. त्याला सगळं ऐकू गेलं असणार, पण मान खाली घालून तो मुकाट भाकरी मोडत राहिला.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करायला तो आमच्याकडे धारवाडला राहायला आला होता. सप्तापूरच्या गल्ल्यांतून वह्या छातीशी धरून फिरणारी अशी शेकडो मुलं तुम्हीही पाहिली असतील. त्यातलाच हा एक. ऐच्छिक विषय म्हणून त्यानं भूगोल घेतला, आणि घरात वादाला तोंड फुटलं.

खरं म्हणजे नियमात यात काहीच वावगं नाही. या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि ऐच्छिक विषय पदवीचाच असला पाहिजे अशी अटही नाही. त्या विषयाच्या अडीचशे-अडीचशे गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. शिवाय भूगोलाचा बराचसा भाग सामान्य अध्ययनालाही उपयोगी पडतो. त्यामुळे इंजिनिअर, डॉक्टर झालेली कितीतरी मुलं हा विषय घेतात. शाळेत शिकलेलाच विषय, सोपा असणार, असंही अनेकांना वाटतं. आमच्या भाच्यालाही तसंच वाटलं होतं.

पहिल्या मुख्य परीक्षेत नेमका भूगोलातच मार बसला. एका क्लासच्या जाडजूड नोट्स त्यानं अक्षरशः तोंडपाठ केल्या होत्या. निकालानंतर दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मावशी, सगळं येत होतं गं. पण प्रश्न जरा फिरवून आला की हातच चालत नाही."

मी इतिहासाची एम.ए. रोज हुबळीला कॉलेजात जाऊन मराठ्यांच्या मोहिमा शिकवते, पण सैन्य कोणत्या घाटानं उतरलं हे सांगताना तो घाट तिथंच का, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दहावीनंतर भूगोलाचं पुस्तक मी हातात धरलेलंच नव्हतं. त्या दिवशी मात्र त्याचं एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक उचललं आणि म्हटलं, "चल, रोज रात्री जेवणानंतर तासभर दोघं मिळून वाचू. मलाही काही येत नाही, तुलाही नाही. बरोबरी झाली."

पहिल्या आठवड्यातच गंमत झाली. भारतातल्या खडकांचं प्रकरण चाललं होतं. त्यात एका प्राचीन खडक-समूहाचं नाव होतं 'धारवाड'! त्यानं हे नाव यादीतला दुसरा-तिसरा मुद्दा म्हणून पाठ केलं होतं. आपण ज्या गावात बसून ते पाठ करतोय त्याच गावाचं ते नाव, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञानं १९व्या शतकात आपला हा सगळा मुलूख पायाखाली घातला. 'दक्षिण मराठा देशा'च्या भूरचनेवरचा त्याचा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. या जुन्या खडकांना धारवाडचं नाव दिलं तेही त्यानंच. बेळगावकडचा काळा पाषाण म्हणजे दख्खनच्या लाव्हाचं दक्षिण टोक, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. आणि आपले धारवाडी खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने! ताईचं सासर बेळगावचं. भाचा लगेच म्हणाला, "म्हणजे मावशी, आईच्या सासरपेक्षा तुझं सासर कितीतरी जुनं!" किती दिवसांनी तो हसला होता.

मग आम्ही रविवारी बाहेर पडायला लागलो. सोमेश्वराच्या देवळात मी लग्न होऊन आल्यापासून जाते. शाल्मला तिथं उगम पावते हेही ठाऊक होतं. पण ते पाणी पुढं कुठं जातं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. ते बेडती नदीला मिळून पश्चिमेला जातं, मागोडच्या धबधब्यावरून उडी घेतं आणि गंगावळी होऊन अरबी समुद्राला मिळतं. उलट धारवाडच्या पूर्वेकडच्या रानातलं पाणी तुप्परीहळ्ळ, बेण्णीहळ्ळ अशा ओढ्यांतून मलप्रभेला, तिथून कूडलसंगमला कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे आपण चक्क जलविभाजकावर घर बांधून राहतो! पुस्तकातली ती दोन ओळींची व्याख्या भाच्याला पुन्हा पाठ करावी लागली नाही.

घरातही एक शिक्षिका निघाली. माझ्या सासूबाई नवलगुंदच्या. शाळा चौथीपर्यंत. आम्ही मातीचं प्रकरण वाचत होतो तेव्हा त्या आतून कन्नडमध्येच म्हणाल्या, "यरी आणि मसारी एवढं कळायला पुस्तक कशाला हवं?" यरी म्हणजे काळी, मसारी म्हणजे तांबूस. मग काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा का पडतात, त्या जमिनीत हिवाळ्यात नुसत्या ओलीवर जोंधळा आणि हरभरा कसा येतो, कलघटगीकडे भात आणि नवलगुंदकडे कापूस का, हे सगळं त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला मलनाडाची ओल आणि पूर्वेला बयलुसीमेचं कोरडं रान. भाच्यानं त्या दिवशी वहीत पहिल्यांदा नोट्स सोडून स्वतःचं काही लिहिलं.

पण भूगोलाची खरी परीक्षा झाली ती एका लग्नात. आमची एक नणंद गोव्यात दिलेली. दीर नवलगुंदला शेती करतात, २०१५ साली कळसा-बंडुरीसाठी सुरू झालेल्या आंदोलनात बसलेले. जेवणाची पंगत उठली आणि म्हादईवरून दोघांची जुंपली. "तुम्ही आमचं पाणी पळवता", "तुमचं पाणी समुद्रात वाया जातं, आमची माणसं तहानलेली", असं कोकणी, मराठी आणि कन्नड अशा तीन भाषांत चाललं होतं. नणंद रडकुंडीला आली. तेवढ्यात भाच्यानं लग्नपत्रिकेच्या पाठीवर नकाशा काढायला घेतला.

खानापूर तालुका. एका अंगाला कणकुंबीला उगम पावून पूर्वेकडे निघालेली मलप्रभा, दुसऱ्या अंगाला भीमगडच्या जंगलातून गोव्याकडे उतरणारी म्हादई. उगम जवळजवळ, तोंडं विरुद्ध. मलप्रभेवर सौंदत्तीजवळ धरण, ज्याचं पाणी हुबळी-धारवाडच्या नळाला येतं. खाली गोव्यात तीच म्हादई मांडवी होते. तिथं गोडं पाणी कमी झालं तर खाडीचं खारं पाणी वर सरकण्याची भीती. लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, पण त्यातलं मलप्रभेत वळवायचं ते फक्त ३.९, बाकीचं बहुतेक वीजनिर्मितीसाठी. गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. हे आकडे त्यानं नदीच्या रेघेशेजारी लिहिले.

भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. नकाशानं पाणी वाढत नाही. पण दीर बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "समुद्रात जाणारं पाणी वाया जातं, असं आपण उगाच म्हणतो की काय?" नणंदेच्या यजमानांनी नवलगुंदचा पाऊस किती ते विचारलं. एवढं तरी झालं.

दुसऱ्या शाखेतून आलेल्याला भूगोल जमेल का, असं मला आता पालक विचारतात. मी त्यांना वेगेनरचं उदाहरण देते. त्याची डॉक्टरेट खगोलशास्त्रातली, काम हवामानाचं. खंड सरकतात हे त्यानं १९१२ साली मांडलं तेव्हा अनेक नामवंत भूशास्त्रज्ञांनी त्याला हसण्यावारी नेलं. पन्नासेक वर्षांनी त्याचंच मूळ म्हणणं खरं ठरलं. फ्रान्समध्ये आधुनिक भूगोलाचा पाया घालणारा विदाल द ला ब्लाश मुळात इतिहासाचा अभ्यासक. आणि आपल्याकडे म्हणाल तर सी. डी. देशपांडे यांचा पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरचा इंग्रजी ग्रंथ १९४८ साली याच धारवाडात प्रकाशित झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटक अशी वाटणी होण्याआधी हा मुलूख सलग कसा दिसत होता, ते त्यात वाचायला मिळतं.

आता थोडं व्यवहाराचं. परीक्षेसाठी असो वा आवडीसाठी, सुरुवात शाळेच्या पुस्तकांपासूनच करावी. एनसीईआरटीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. भूगोलात एम.ए. करायचं असेल तर आधी चौकशी करा; काही विद्यापीठं पदवीला भूगोल हवाच म्हणतात, काही इतरांनाही घेतात. इस्रोचं 'भुवन' संकेतस्थळ २००९ पासून आहे, त्यावर आपलं गाव वरून पाहता येतं. डेहराडूनची इस्रोचीच संस्था दूरसंवेदनाचे ऑनलाइन वर्गही घेते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रविवारी पोरांना घेऊन एखाद्या केरेच्या काठानं चाला. पाणी कुठून आलं आणि कुठं जातं, एवढंच विचारा. घरात आजी असेल तर तिला मातीबद्दल विचारा, ती ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत.

भाच्याचं काय झालं, हे विचारल्याशिवाय तुम्ही राहणार नाही. पुढच्या मुख्य परीक्षेत त्याचे भूगोलाचे गुण चांगले वाढले. पण मुलाखतीनंतरच्या अंतिम यादीत नाव नव्हतं. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही, ते मी लपवणार नाही. आता तो बंगळुरूला एका खासगी कंपनीत पाणीपुरवठ्याचे नकाशे करतो. इंजिनिअरिंगही कामाला आलं, भूगोलही.

परवा ताईचा फोन आला. मुलाची खुशाली सांगून झाली आणि मग जरा थांबून म्हणाली, "काय गं, बेळगावचं पाणी नेमकं कुठल्या समुद्राला जातं?"

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी येते. मार्कंडेयच्या काठाकाठानं दोघी चालत बघू."