मुरमांचे मलम आणि बारा आठवड्यांचा सब्र

नववी-दहावीला शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षिकेच्या हे नजरेत येते. जूनमध्ये पहिल्या बाकावर बसणारी मुलगी दिवाळीनंतर मागच्या बाकावर गेलेली असते. उत्तर येत असूनही ती उभी राहत नाही. बोलताना एक हात सतत गालावर असतो. बोर्डाच्या फॉर्मसाठी फोटो काढायचा म्हटले की त्या दिवशी ती नेमकी गैरहजर. मुलगेही यातून सुटलेले नाहीत, ते फक्त हसण्यावारी नेतात. कारण चेहऱ्यावरच दिसत असते. कुणी त्याला मुरूम म्हणते, कुणी पुटकुळ्या, उर्दू बोलणाऱ्या घरांत मुहासे, आणि पुस्तकात तारुण्यपिटिका.

“वय आहे, जातील आपोआप,” हे वाक्य घराघरात ऐकू येते. बऱ्याच जणांचे जातातही. पण काहींचे वर्षानुवर्षे राहतात, आत गाठी धरतात आणि जाताना गालावर खड्डे ठेवून जातात. ते खड्डे पुढे कोणत्याही मलमाने पूर्ण भरत नाहीत. म्हणून तीन-चार महिने होऊनही मुरूम हटत नसतील, तर तो नुसता वयाचा भाग समजू नये. तो त्वचेचा आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. अडचण बहुतेक वेळा दोन ठिकाणी येते. एक तर डॉक्टरांनी दिलेले योग्य मलम आपण पंधरा दिवसांत सोडून देतो, नाहीतर चुकीचे मलम महिनोन्महिने लावत बसतो.

मुरूम होतो कसा?

आपल्या त्वचेवर बारीक छिद्रे असतात. त्यांच्या तळाशी असलेल्या ग्रंथी तेलकट स्राव तयार करतात. वयात येताना हार्मोन्समुळे हा स्राव वाढतो. त्याच वेळी छिद्राच्या आतली मृत त्वचा एकमेकींना चिकटते आणि तोंडाशी बूच बसते. आत तेल साचते, त्यावर त्वचेवर नेहमी राहणारे जिवाणू वाढतात आणि मग सूज, लाली, पू. बूच उघडे राहिले तर ते काळे ठिपके म्हणून दिसते, बंद राहिले तर पांढरे.

म्हणजे मुरूम मळामुळे होत नाही. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या मुलीला “तोंड नीट धूत नाहीस” म्हणणे हा तिच्यावर अन्यायच आहे. बिर्याणीतल्या तेलालाही उगाच दोष दिला जातो. फार गोड पदार्थ, मैदा आणि काहींच्या बाबतीत दूध यांचा मुरमांशी संबंध आढळला आहे. तेव्हा शीतपेये आणि बेकरीचे पदार्थ कमी केले तर चांगलेच, पण केवळ पथ्याने जुने मुरूम जात नाहीत. डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर ओघळत असेल, तर त्याने मात्र कपाळावरची छिद्रे बंद होऊ शकतात. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा हे घरगुती प्रयोग त्वचा भाजतात आणि काळे डाग मागे ठेवतात.

डॉक्टर देतात ते मलम

त्वचारोगतज्ज्ञ साध्या ते मध्यम मुरमांवर सहसा जे मलम देतात, त्यात ‘रेटिनॉइड’ नावाचा घटक असतो. हा अ जीवनसत्त्वाच्या कुळातला. ट्रेटिनॉइन हे त्यातले जुने नाव. अमेरिकेत १९६९ मध्ये त्याचा मुरमांवरचा उपयोग प्रसिद्ध झाला आणि १९७१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अॅडापलिन हे नंतरचे, १९९६ मध्ये तिथे मान्य झालेले आणि त्वचेला थोडे सौम्य. आपल्याकडे अॅडापलिन ०.१ टक्के जेल किंवा ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के क्रीम पुष्कळदा लिहून दिले जाते. रेटिनॉइड छिद्रात बूच बसू देत नाही. म्हणजे ते दिसणाऱ्या मुरमावर कमी आणि उद्या येऊ घातलेल्या मुरमावर जास्त काम करते.

त्याच्या जोडीला बेन्झॉईल पेरॉक्साइड असते. ते जिवाणू मारते. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविकाचे जेलही देतात, पण ते एकटेच लांबवर वापरले तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून डॉक्टर त्याला दुसऱ्या औषधाची जोड देतात. घरात कुणाची तरी उरलेली ट्यूब आहे म्हणून लावू नये, ते यासाठीच.

पहिले पंधरा दिवस

खरी परीक्षा इथे होते. रेटिनॉइड सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा कोरडा पडतो, थोडी आग होते, पापुद्रे सुटतात. काहींना मुरूम आधीपेक्षा वाढल्यासारखे वाटतात. घरचे म्हणतात, “मलम गरम पडले, बंद कर.” आणि ट्यूब कपाटात जाते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे असेच झाले होते. बाराव्या दिवशी मलम बंद. पालकसभेला तिची अम्मी आली तेव्हा विषय निघाला. डॉक्टरांनी फेरतपासणीला बोलावले होते, पण “गुणच आला नाही, तर पुन्हा फी कशाला?” म्हणून त्या गेल्या नव्हत्या. मी एवढेच म्हटले, “आपा, एकदा जाऊन त्यांना हेच सांगा.” त्या गेल्या. डॉक्टरांनी औषध बदलले नाही. रोजऐवजी एक दिवसाआड लावायला सांगितले, आधी मॉइश्चरायझर लावायला सांगितले आणि महिन्याने रोजवर आणले. सहामाही परीक्षेला सुरू झालेला हा उपचार वार्षिक परीक्षेपर्यंत चालला. चेहरा काचेसारखा झाला नाही, पण नवे मुरूम येणे जवळजवळ थांबले आणि ती पुन्हा पुढच्या बाकावर आली.

जो मुरूम आज दिसतो त्याचे बूच कित्येक आठवडे आधीच बसलेले असते. त्यामुळे आज लावलेल्या मलमाचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बारा आठवड्यांआधी “लागू पडले नाही” असा निकाल देऊ नये. मात्र चेहरा सुजला, डोळ्यांभोवती सूज आली, फोड आले किंवा आग सहनच होत नसेल, तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. सब्र म्हणजे त्रास अंगावर काढणे नव्हे.

लावायचे कसे?

ट्यूबबरोबरचा कागद इंग्रजीत असतो आणि डॉक्टरांकडे गर्दी असते. म्हणून साधी रीत इथे देते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच खरे.

१. वेळ रात्रीची. इशाची नमाज झाल्यावर लावले की फज्रच्या वुजूपर्यंत मलमाला सलग वेळ मिळतो. रमजानमध्येही हीच वेळ सोयीची पडते.

२. सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुवून, टिपून, पंधरा-वीस मिनिटे पूर्ण कोरडा होऊ द्यावा. ओल्या त्वचेवर आग जास्त होते.

३. वाटाण्याएवढे मलम पूर्ण चेहऱ्याला पुरते. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे ठिपके देऊन पातळ पसरावे. जास्त लावल्याने गुण लवकर येत नाही, फक्त त्वचा सोलते.

४. फक्त मुरमावर ठिपका देऊ नये. जिथे मुरूम येतात तो सगळा भाग घ्यावा. डोळ्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि नाकपुड्या सोडाव्यात.

५. ट्रेटिनॉइन आणि बेन्झॉईल पेरॉक्साइड दोन्ही दिले असतील तर ते एकावर एक लावू नयेत. कोणते सकाळी, कोणते रात्री, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

६. बेन्झॉईल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवते. रंगीत ओढणी, उशीचा अभ्रा, टॉवेल सांभाळा. पांढरा अभ्रा वापरलेला बरा.

७. दिवसा एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे, कारण या मलमांमुळे त्वचेला ऊन जास्त लागते. नकाब किंवा स्कार्फ घेणाऱ्यांनी तो सुती, सैल आणि रोज धुतलेला ठेवावा. घाम आणि कापडाच्या घासण्यानेही हनुवटीवर मुरूम वाढतात.

८. हे मलम सुरू असताना चेहऱ्यावर वॅक्सिंग, ब्लीच किंवा स्क्रब करू नये. घरात शादी असली की मुली पार्लरला जातात आणि वॅक्सिंगने ओठांवरची त्वचाच सोलून निघते.

आठ दिवसांत गोरे करणारी ट्यूब

आता दुसऱ्या ट्यूबविषयी. ही डॉक्टर देत नाहीत. ती मैत्रीण सुचवते, मावशी देते किंवा औषध दुकानात “मुरमावर काहीतरी द्या” म्हटले की समोर येते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, मुरूम बसतात, सगळे खूश. कारण तिच्यात स्टेरॉइड असते.

एका माजी विद्यार्थिनीने अशी ट्यूब दीड वर्ष लावली. लावणे बंद केले की चेहरा लालबुंद व्हायचा आणि मुरूम दुपटीने यायचे, म्हणून पुन्हा लावायची. शेवटी गालावर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, लव वाढली आणि उन्हात पाऊल ठेवले की आग. तिला वाटत होते की मलम चांगले आहे, आपली त्वचाच वाईट आहे. प्रत्यक्षात तो सगळा त्रास त्या मलमाचाच होता. चेहऱ्यावर लांबवर लावलेले स्टेरॉइड त्वचा पातळ करते आणि स्वतःच मुरूम आणते. या प्रकाराविरुद्ध देशातले त्वचारोगतज्ज्ञ अनेक वर्षे बोलत आले आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा मलमांना ‘शेड्यूल एच’मध्ये आणले, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती मिळतात, हे आपण सगळे पाहतो.

म्हणून ट्यूबचे नाव न पाहता तिच्यावरचे बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिले असेल तर ते स्टेरॉइड आहे. घरात इंग्रजी वाचणारे मूल असेल तर हे काम त्यालाच द्या. आणि कुणी महिनोन्महिने असे मलम लावत असेल, तर ते लपवू नये. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि ते कसे सोडायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे.

निकाह ठरला असेल तर

हा मुद्दा घरात बोलायला संकोच वाटतो, पण टाळून चालत नाही. रेटिनॉइडची मलमे गरोदरपणात लावू नयेत असाच सल्ला दिला जातो. मुरूम फार असतील तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्या गुणकारी आहेत, पण गर्भात गंभीर व्यंग निर्माण करू शकतात. त्या सुरू असताना आणि बंद केल्यावर निदान एक महिना गर्भ राहता कामा नये. आपल्याकडे स्थळ येते, बोलणी होतात आणि दोन महिन्यांत निकाह होतो. अशा वेळी मुलीने किंवा तिच्या आईने डॉक्टरांना लग्नाची तारीख स्पष्ट सांगितली पाहिजे. “त्यांनी विचारले नाही, म्हणून सांगितले नाही” असे इथे होऊ नये. लग्न झालेल्या मुलीने गरोदरपणाची शक्यता किंवा बाळाला दूध पाजत असल्याचे आधीच सांगावे.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील आणि वजन वाढत असेल, तर मुरमांमागे हार्मोन्सचा बिघाड असू शकतो. अशा वेळी मलमाबरोबर तपासणीही लागते. मोठ्या दुखऱ्या गाठी, छातीपाठीवर पसरलेले मुरूम किंवा खड्डे पडू लागले असतील, तर मलमावर वाट पाहत न बसता लगेच दाखवावे. खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. तिथे केसपेपर काढून दाखवता येते.

घरच्यांनी करायचे काम

मलम मुलीने लावायचे, पण सब्र घरच्यांनी ठेवायचा असतो. ट्यूब सुरू केल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहा. दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात एक फोटो काढा. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, पहिला आणि चौथा फोटो शेजारी ठेवला की दिसतो. मुरूम फोडू देऊ नका. चेहरा निवळल्यावरही डॉक्टरांना न विचारता मलम एकदम सोडू नका, कारण पुष्कळांना ते आठवड्यातून काही दिवस पुढेही चालू ठेवावे लागते.

आणि पाहुण्यांसमोर “अगं, हिच्या तोंडाला काय झालं?” असे कुणी विचारले, तर उत्तर तुम्ही द्या: “उपचार चालू आहेत.” मुलगी गप्प बसली तरी ऐकत असते. मुलगा हसला तरी त्याला लागते. मूल जेवेनासे झाले, शाळा टाळू लागले, कुणाला भेटेनासे झाले, तर तेही डॉक्टरांना सांगा. मुरमांचा हा त्रास चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून तो सांगावा लागतो.